फाईन

पाचवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं, जून १९८१ मध्ये. तेव्हा मराठी शाळांत चौथीपर्यंत इंग्रजी नसायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. बाईंनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडच्या बाकांनी विचारायचं, "हाऊ आर यू?" आणि दाराकडच्या बाकांनी एका सुरात म्हणायचं, "आय ॲम फाईन, थँक यू." मी दाराकडे होते. त्या दिवशी चाळीच्या जिन्यात, नळावर, भेटेल त्याला मी फाईन असल्याचं सांगत सुटले.

बाबांना विचारायला मात्र जानेवारी उजाडला. ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. पाळ्यांच्या रगाड्यात आमची त्यांची धड गाठ रविवारीच पडायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते दिवसाउजेडी घरात दिसू लागले. खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. मी समोर उभी राहून विचारलं, "बाबा, हाऊ आर यू?" त्यांनी पेपर खाली घेतला. मी शिकवलं, "आता तुम्ही म्हणायचं, आय ॲम फाईन."

"फाईन?" ते म्हणाले. "फाईन गिरणीत बसता. माणूस कसो काय फाईन आसतलो?"

"मग तुम्ही कसे आहात?"

"मी बरो आसंय." आणि पेपर परत वर गेला.

पुढे मी इंग्रजीच घेतलं, मराठी शाळेत ते अठ्ठावीस वर्षं शिकवलं. 'आय ॲम फाईन' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, आणि दर वेळी बाबांचा प्रश्न आठवला. माणूस कसा काय फाईन असेल? या एका शब्दाचे जेवढे अर्थ आहेत, ते बहुतेक सगळे आमच्या दहा बाय दहाच्या खोलीतून जाऊन आले. तेव्हा कळले नव्हते. आता एकेक जुळतात.

गिरणीत 'फाईन' दोन होते. पहिला सुताचा. सुताचा बारीकपणा काउंटवर मोजतात. पाऊंडभर सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतील तितका त्याचा काउंट. वीस काउंटचं सूत जाडंभरडं, ऐंशी-शंभरचं फाईन. ऐंशी काउंटचं एक पाऊंड सूत सरळ उलगडत नेलं तर व्हीटीपासून निघून कल्याणच्याही पुढे पोचेल, एवढं लांब भरतं. बाबांना त्या सुताचा अभिमान होता. लग्नकार्यात कुणाचं धोतर किंवा सदरा दिसला की ते आधी कापडाला हात लावायचे, अंगठा आणि तर्जनीत कड धरून हलकेच चोळायचे, आणि काउंट सांगायचे. माणूस कोण, कुठला, हे नंतर.

दुसरा फाईन दंडाचा. फाईन सूत नाजूक. हवा जरा कोरडी झाली की तुटतं, म्हणून साचेखात्यात मुद्दाम दमट ठेवायचे आणि माणसं घामानं निथळायची. ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा, एक धागा तुटला आणि साचेवाल्याच्या लक्षात यायला उशीर झाला, तर साचा धडधडत राहतो आणि तेवढं कापड त्या एका धाग्याविना विणलं जातं. फोल्डिंग खात्यात कापड उजेडावर धरलं की ती रेघ लख्ख दिसते. मग फाईन बसतो. सूत जितकं फाईन तितकी फाईन बसायची भीती जास्त. ज्या कारागिरीसाठी बाबांना मान होता तीच त्यांच्या पगाराच्या मुळावर यायची, आणि दोन्हीला शब्द एकच.

आजोबाही साचेवालेच. त्यांच्या काळी खराब ठरलेलं कापड विणकराच्याच माथी मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापून घ्यायची, अशी रीत मुंबईच्या गिरण्यांमध्ये होती. मग १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. त्यानं दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, पुढे ती पगाराच्या तीन टक्के झाली. दंडाची नोंद वहीत करायची आणि ते पैसे कामगारांच्या हिताच्या कामालाच लावायचे, असंही त्यात होतं. मला ही कलमं फार मोठी वाटतात. कायद्याच्या पुस्तकात ती दोन बोटांएवढी जागा घेतात, पण आमच्या घरात त्यांच्या आधीचा पुरावा होता, आणि त्यावर आम्ही भावंडं झोपायचो.

ती गोधडी आजीची. वरून लुगड्यांचे तुकडे, आतून आजोबांच्या माथी मारलेलं पांढरं कापड. वर्षानुवर्षं धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. एका कोपऱ्यात वरचा तुकडा विरला आणि आतलं उघडं पडलं. तिथे एक सरळ रेघ होती, वीतभर लांब. रेघेच्या दोन्ही बाजूंना धागे दाटीनं उभे आणि मधे एकाची जागा रिकामी. दिव्यासमोर धरलं की त्या रेघेतून उजेड यायचा. झोप येईपर्यंत मी तिच्यावरून नख फिरवत राहायची. आजी म्हणायची, "तो तुझ्या आजोबांचा दंड."

ती तसं म्हणायची तेव्हा मला शिवणीतलाच दंड वाटायचा. कारण आमच्या घरात दंड रोज कानावर पडायचा तो त्या अर्थानं. नऊवारी लुगडं विरतं ते मधे. तेवढा विरलेला भाग कापून टाकायचा, धड असलेली दोन टोकं एकमेकांना आणून भिडवायची आणि शिवायचं. याला लुगड्याला दंड घालणं म्हणतात. आजीचं दंड नसलेलं लुगडं मी फक्त सणाला पाहिलं. इंग्रजी 'फाईन'ला मराठीत आपण ज्याला दंड म्हणतो तो शब्द स्वतःच केवढा फिरलेला आहे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, तालमीत काढतात ते दंड, राजा करतो तो दंड, आणि गरिबाघरची बाई फाटक्याला घालते तोही दंड. शिक्षा आणि शिवण एका शब्दात नांदावी, याचं मला आजही नवल वाटतं.

कॉलेजात मोठा शब्दकोश हाताशी आला तेव्हा मी सगळ्यात आधी 'फाईन' काढला. दोन वेगळ्या नोंदी होत्या. एकीत सुंदर, बारीक, शुद्ध वगैरे, दुसरीत दंड. मला वाटलं, उच्चार तेवढा एक, शब्द वेगवेगळे असणार. पण शेवटी दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी गेली होती. लॅटिन 'फिनिस', म्हणजे शेवट, सीमा. आपल्या 'अंत'सारखंच. अंत म्हणजे शेवट, आणि दिगंत, सीमांत म्हणताना तोच अंत म्हणजे कड.

एक वाट फ्रेंचमधून गेली. शेवटाला नेलेलं, म्हणजे कसर न ठेवता पुरं केलेलं, म्हणजे उत्तम. सोनं शेवटपर्यंत शुद्ध केलं की फाईन. धागा कातत कातत बारीकपणाच्या टोकाला नेला की फाईन. विणकरांच्या इंग्रजीत ताण्याच्या धाग्याला 'एंड'च म्हणतात, हे बाबांकडूनच कळलं होतं. इंचाला किती एंड, यावर कापड किती दाट ते ठरतं.

दुसरी वाट कोर्टातून गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'शेवट करणं' म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटवणं. भांडणाचा शेवट तो फाईन, शेवटासाठी मोजायची रक्कम तीही फाईन, आणि पुढे रक्कमच उरली, शेवट विसरला गेला. इंग्लंडमध्ये जमिनीच्या व्यवहारासाठी लोक लुटुपुटूचा दावा लावायचे आणि राजाच्या कोर्टात समेट लिहून घ्यायचे. त्या समेटालाही फाईन म्हणत. लॅटिनमधल्या त्या कागदाची सुरुवातच 'हा अखेरचा समेट' अशी असे. एकाच चर्मपत्रावर तीन प्रती लिहायच्या, दोन पक्षांना दोन आणि तळाची कोर्टाच्या तिजोरीत. प्रती वेगळ्या करताना सरळ कापायच्या नाहीत, नागमोडी कापायच्या, म्हणजे उद्या कुणी खोटा कागद आणला तर कडेला कड जुळणार नाही. तळाची प्रत तिजोरीत ठेवायला ११९५ मध्ये सुरुवात झाली आणि ही पद्धत बंद झाली ती १८३३ च्या कायद्यानं. सुमारे साडेसहाशे वर्षांच्या या तळाच्या कापलेल्या प्रती इंग्लंडच्या सरकारी दप्तरात अजून आहेत. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजीच आली, लुगड्याच्या दोन कडा जुळवून बघणारी.

याच घराण्यातला 'फायनान्स'. मूळ अर्थ देणं संपवणं. 'फायनल', 'फिनिश', 'डिफाइन', सगळ्यांच्या पोटात तो शेवट बसलेला आहे.

बाबांच्या संपाला हा शेवट मिळालाच नाही. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. समेट नाही, कागद नाही, तळाची प्रत नाही. माणसं एकेक करत विरत गेली. कुणी गावी, कुणी वॉचमन, कुणी भाजीच्या गाडीवर. बाबा वर्षभरानं भिवंडीला पॉवरलूमवर लागले, बारा-बारा तासांच्या पाळीला. तिथलं सूत जाडं. शनिवारी घरी आले की ते हात पुढे करून स्वतःची बोटं चोळून बघायचे, आणि काही बोलायचे नाहीत. गावाला मात्र दर महिन्याला आंतर्देशीय जायचं. बाबा सांगायचे, मी लिहायची. "आम्ही सर्व येथे बरे आहोत. तुमची खुशाली कळवावी." १९८२ आणि ८३ ची सगळी पत्रं याच वाक्यानं सुरू झाली.

१९८२ च्या मे महिन्यात आईच्या पाटल्या विकल्या. मी तिच्यासोबत सराफाकडे गेले होते. त्यानं पाटली कसोटीच्या काळ्या दगडावर ओढली, पिवळी रेघ उमटली, तिच्या शेजारी आपल्या नमुन्याच्या काडीची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकला आणि दगड डोळ्याजवळ नेला. मग काट्यावर वजन केलं. चार तोळे. "फाईन साडेतीन धरतो, वहिनी," तो म्हणाला. सराफाच्या भाषेत फाईन म्हणजे दागिन्यातलं निव्वळ शुद्ध सोनं. तांबं, चांदी, डाग हे सगळं वजा करून जे उरतं ते. आई मला हळूच म्हणाली, "फाईन म्हणजे आणि कापणार का गं?" तिनं तो शब्द नवऱ्याच्या पगाराच्या पाकिटातूनच ओळखला होता. मी पाचवीतली. मी म्हटलं, "नाही, फाईन म्हणजे चांगलं." आम्ही दोघीही बरोबर होतो आणि त्या दुकानात दोघींचंही उत्तर अपुरं होतं.

मराठीत याला सुंदर शब्द आहे, बावनकशी. आज अंगठीच्या आतल्या बाजूला ९१६ कोरलेलं असतं, हजारातले नऊशे सोळा भाग शुद्ध, बावीस कॅरेट. आकडा खात्रीचा आहे, मान्य. पण बावनकशी म्हटलं की दगडावर सोनं घासल्याचा आवाज येतो.

एका शब्दासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत हे मी मुलांकडून काढून घ्यायची. कापड फाईन असेल तर तलम. रवा फाईन असेल तर बारीक. कोथिंबीर बारीक चिरलेली, हळद वस्त्रगाळ, पाऊस असेल तर भुरभुर, सोनं चोख, तूप रवाळ असलं तरी अस्सल, तब्येत ठणठणीत, अक्षर असेल तर सुरेख. करारातलं मात्र परत बारीक अक्षर. नजर बारीक, ताप बारीक, खर्च बारीकसारीक. क्रिकेट ऐकणारी पोरं फाईन लेग काढायची. चेंडूच्या सरळ रेषेशी जो क्षेत्ररक्षक अगदी बारीक कोन करून उभा असतो तो फाईन. हवेसाठी शब्द सांगा म्हटलं की शहरातली मुलं 'छान हवा' म्हणायची. गावाकडून आलेलं एखादं म्हणायचं, "उघाड." इंग्लंडात पाऊस नाही म्हणजे दिवस फाईन. कोकणात उघाड कधी पडली त्यावर सगळं. गणपतीत पडली तर देवाची कृपा, आषाढात लावणीच्या वेळी पडली तर घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. हवा छान आहे असं तेव्हा कुणी म्हणून दाखवावं.

'फाईन आर्ट'ला आपण ललित कला म्हणतो. या विभागणीशी माझं भांडण आहे. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीची मुंबईतली पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली, १८५६ मध्ये चालू झाली. सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळा सुरू झाली १८५७ मध्ये. एकाच शहरात, वर्षभराच्या अंतरानं, फाईन कला आणि फाईन सूत दोन्ही दाखल झाले. एकाला कलाकार म्हणाले, दुसऱ्याला हात. नुसत्या बोटांनी काउंट सांगणारा माणूस मी पाहिला आहे. धोट्याच्या आवाजात फरक पडला की पाठमोरा असूनही वळणारा माणूस मी पाहिला आहे. तो ललितात बसत नसेल तर ललिताची व्याख्या तोकडी आहे, एवढंच मी म्हणेन.

आता 'बरं'. बाबांनी मला 'फाईन'चं जे भाषांतर त्या दिवशी दिलं ते मला आजवर भेटलेल्या कुठल्याही कोशापेक्षा नेमकं वाटतं, कारण 'बरं'ही तितकंच निसरडं आहे. बरं म्हणजे होकार. बरं म्हणजे पुढे बोल. बरं का, म्हणजे ध्यानात ठेव. 'बरा सापडलास' मध्ये धमकी आहे, 'बऱ्या बोलानं' मध्ये त्याहून जास्त. 'बरं दिसत नाही' हे एक वाक्य किती मुलींच्या वाटेत आडवं पडलं असेल. दुखण्यातून उठलेला माणूस बरा होतो आणि 'काही बरंवाईट झालं तर' म्हणताना आपण मरणाचं नाव घ्यायचं टाळतो. गोव्यात आभार मानायचे तर 'देव बरें करूं' म्हणतात. तिथे बरं हे दुसऱ्यासाठी देवाकडे मागायचं असतं, आणि मला हा या शब्दाचा सगळ्यात उंच वापर वाटतो. भांडण विकोपाला गेल्यावर इंग्रजी बोलणारी बायको 'फाईन!' म्हणून खोलीत निघून जाते. आमच्या चाळीत तेच काम 'बरं!' करायचं. इथे तो मूळचा लॅटिन शेवट जसाच्या तसा उभा आहे. विषय संपला.

बाबांचं 'बरो आसंय' असंच असायचं. भिवंडीत खांदा धरला तेव्हा बरो आसंय. गिरणीची चिमणी पडली त्या दिवशी बरो आसंय. आजी गेली तेव्हाही, दहाव्या दिवशी कुणी विचारलं तर, बरो आसंय. त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं असं नाही. बाकीची उत्तरं त्यांनी कुणावर लादली नाहीत. मी मुलगी होते, मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि शिक्षिका म्हणून जास्त वाटतं, कारण 'हाऊ आर यू'च्या पुढचा प्रश्न मी कधी कुठल्या वर्गालाही शिकवला नाही.

सत्तरीत त्यांना धाप लागायला लागली. परळच्या एका रुग्णालयात दाखल केलं. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांचा घोळका आला. एका तरुण डॉक्टरनं बाबांना उठवून बसवलं, पाठीवर खाली दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला, "आजोबा, मोठा श्वास घ्या," म्हणाला, ऐकलं, आणि मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "बायलॅटरल फाईन क्रेप्स." मोठ्यांनी मान हलवली, घोळका पुढे गेला.

आईचा चेहरा उजळला. तिनं पदर नीट केला, बाहेर गेली आणि व्हरांड्यातून भावाला फोन लावला. "डॉक्टर फाईन म्हणाले. दोन्ही बाजूंनी फाईन." मग गावाला लावला. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. पाटल्यांच्या वेळी मीच तिला शिकवलं होतं ना, फाईन म्हणजे चांगलं.

मला क्रेप्स माहीत नव्हतं. फाईन माहीत होतं आणि तेच चुकत असावं अशी धडकी भरली. दुपारी तो तरुण डॉक्टर एकटा भेटला. मी विचारलं. घाईत होता तरी थांबला, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. म्हणाला, "मॅडम, एक करा. कानाजवळचे चार केस बोटांत धरा आणि चोळा." मी कानाशी बट धरून अंगठा आणि तर्जनीत चोळली. बारीक, कोरडी, सुकी चुरचुर. "हा आवाज येतोय. श्वास आत घेताना, शेवटी शेवटी. फुप्फुसं कडक व्हायला लागली की येतो. फाईन म्हणजे बारीक, मॅडम."

नंतर वाचलं, की स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं दोनशे वर्षांपूर्वी अशाच आवाजाला तापल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची उपमा दिली होती. डोळ्यांना न दिसणारं ऐकवायचं तर त्यालाही शेवटी स्वयंपाकघरातच जावं लागलं. आणि हवेतल्या ज्या कणांना आज पीएम २.५ म्हणतात तेही 'फाईन'च, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक. इतके बारीक, की छातीत खोलवर पोचतात. बाबांची सगळी हयात सुताच्या बारीक तुसात गेली.

मी खाटेपाशी परत आले. आई मोसंबं सोलत होती. बाबांनी विचारलं, "काय म्हणालो डॉक्टर?"

मी शिकवलेलं सगळं इंग्रजी आणि बोललेलं सगळं मराठी मनात धुंडाळलं. म्हटलं, "फाईन म्हणाले, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा हात ओढून घेतला, ओढणीची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, चोळली. "साठचा आसतला," म्हणाले. आणि मग, "किती बसलो फाईन?"

त्यांना कळलं होतं. पाठीला स्टेथोस्कोप लागल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मान कशी हलवली ते त्यांनी पाहिलं होतं. फोल्डिंग खात्यात कापड उजेडावर धरल्यावर मास्तर तशीच मान हलवायचा. मी खाटेच्या कडेला बसले आणि पहिल्यांदा त्यांना विचारलं, नेमकं कसं वाटतंय. रात्री कुठल्या कुशीवर झोप लागते, जिना चढताना कितव्या पायरीला थांबावं लागतं, भीती वाटते का. ते बोलले. सगळं मालवणीत, हळूहळू, मधेमधे दम घेत, मोसंब्याच्या चार फोडी होईपर्यंत. आई हात थांबवून ऐकत होती. त्यानंतर ते अकरा महिने होते.

गोधडी आता माझ्याकडे आहे. वरचं पार विरलं म्हणून गेल्या वर्षी मी नवं कापड लावून घेतलं, आणि शिवणाऱ्या बाईंना तेवढा कोपरा उघडा ठेवायला सांगितला. रेघ आहे तशी आहे.

आई ऐंशीच्या पुढे आहे, भावाकडे गावी राहते. रोज रात्री फोन करते. कशी आहेस म्हटलं की म्हणते, "बरी." मी म्हणते, "बरी म्हणजे कशी?" सुरुवातीला चिडायची. आता थोडं थांबते, आणि सांगते. काल म्हणाली, गुडघा सकाळी धरला होता, दुपारी सुटला. दोन भाकऱ्या केल्या, एक खाल्ली. रात्री तुझ्या बाबांची आठवण आली, मग झोप नाही. आठ दिवस नुसता ओततोय. आज चारच्या सुमाराला उघाड पडली, तर सगळी अंथरुणं अंगणात टाकली.